२६१४, पण किती पेशींवर?

काल एका आजोबांचं मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीचं स्पेक्युलर केलं, म्हणजे कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) आतल्या थरातल्या पेशींचा फोटो काढून त्या मोजायची तपासणी. मशीनने आकडा दिला २६१४. चौरस मिलिमीटरला एवढ्या पेशी म्हणजे त्या वयाला झकासच. कागद फाइलला लावणार, तेवढ्यात खालचा बारीक आकडा दिसला. मोजलेल्या पेशी: ३१.

फोटो मोठा करून पाहिला. मधे चार-पाच काळे डाग, म्हणजे गुटाटा, पेशींच्या थरातले बारीक उंचवटे. मशीनने ते टाळून वरच्या कोपऱ्यातला सुबक षटकोनांचा पट्टा तेवढा धरलेला. शिवाय दोन मोठ्या पेशींच्या पोटातून रेघा मारून त्यांच्या चार केलेल्या! यातून आकडा फुगणारच.

मग बसले हाताने मोजायला. सेंटर मेथडमध्ये प्रत्येक पेशीच्या मध्यावर ठिपका द्यायचा, पण ठिपके सलग हवेत. ज्या पेशीच्या सगळ्या शेजारणींवर ठिपका आहे तीच हिशोबात येते, कडेच्या नुसत्या कुंपणाला. शिकताना मी मधली एखादी पुसट पेशी सोडून द्यायचे आणि आकडा असा का आला म्हणून डोकं खाजवत बसायचे.

एका फोटोत जेमतेम दशांश चौरस मिलिमीटर जागा दिसते आणि अख्खा कॉर्निया शंभराहून जास्त चौरस मिलिमीटरचा. म्हणून तीन फोटो काढले. “परत परत का काढताय, डोळा खराब आहे का?” आजोबांनी विचारलं. “नाही आजोबा, मीच मोजायला सावकाश आहे.”

प्रत्येक फोटोत शंभरावर पेशी धरल्यावर आले १८७०, १७९० आणि १९२०. या पेशी गेल्या की परत येत नाहीत, शेजारच्याच पसरून जागा भरतात. पाचशेच्या आसपास उतरल्या की कॉर्नियात पाणी साचायला लागतं. सरासरी १८६० म्हणजे घाबरण्यासारखं नाही, पण ऑपरेशनमध्येही काही पेशी जातातच, तेव्हा २६१४ समजून ऑपरेशनला बसणं वेगळं.

(कॅलिब्रेशनचं, म्हणजे मशीनचं माप बरोबर आहे का ते तपासण्याचं, रडगाणं पुन्हा कधीतरी. लांबीत ५ टक्के चूक झाली तर क्षेत्रफळात ती १० टक्के होते, एवढं लक्षात असू द्या.)

जुना कागद खोडून ऑपरेशन करणाऱ्या सरांकडे नवा नेला. त्यांनी आधी गुटाटाचा फोटो पाहिला, मग विचारलं, “किती पेशींवर?”

“सर, सगळ्यात कमी धरल्या तिथे १०४.”

त्यांनी फाइलवर लिहिलं: डिस्पर्सिव्ह व्हिस्को, फेको एनर्जी कमी. म्हणजे ऑपरेशनच्या वेळी पेशींना चिकटून त्यांना जपणारं जेल, आणि मोतीबिंदू फोडणाऱ्या अल्ट्रासाउंडची ताकद कमी.