काळ्या बॉनेटवरचं स्वस्तिक

खंडेनवमीला आमच्याकडे काम लवकर आवरायचं असतं. संध्याकाळी पॉलिशरपासून कॉम्प्रेसरपर्यंत सगळं पुसून मांडायचं, हळद-कुंकू वाहायचं आणि दसऱ्याला मशीनला हात लावायचा नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बहुतेक वर्कशॉपची हीच रीत. त्या दिवशी पॉलिशला नवी गाडी घ्यायचीच नाही असं मी ठरवलं होतं, पण सकाळी सव्वाआठला एक काळी सेडान दारात येऊन थांबली.

मुलगा पंचविशीचा, सोबत वडील. गाडी सेकंडहँड, बारा दिवसांपूर्वी घेतलेली, घरातली पहिलीच. मुलगा उतरला तो मान खाली घालूनच.

"घेतली तेव्हा आरशासारखी होती हो दादा. दोनदा धुतली आणि ही अशी जाळी उठली. माझंच फडकं वाईट होतं बहुतेक."

मी गाडी उन्हात घ्यायला लावली. बॉनेटवर सूर्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे होते आणि त्यांच्याखाली रुंद, लाटेसारखे चट्टे. मी दोन पावलं बाजूला झालो की चट्टेही सरकायचे. एवढ्यावरूनच कळलं. फडक्याने असे चट्टे पडत नाहीत. एकाच अक्षावर गरगर फिरणाऱ्या रोटरी मशीनला लोकरीचं पॅड लावून घाईत रबिंग केलं की पडतात. वरून तेलकट ग्लेझ चोळलं की ओरखडे भरून निघतात आणि गाडी चकाकते. शाम्पूच्या दोन धुण्यांत ग्लेझ उतरतं आणि खालचं उघडं पडतं. विकणाऱ्याने नेमकं हेच केलं होतं.

"तुमची काही चूक नाही," मी म्हणालो. मुलाचे खांदे जे खाली आले, ते पाहिल्यावर मला गाडी परत पाठवणं जमलं नाही.

धुऊन झाल्यावर लोखंडाचे कण काढणारं औषध फवारलं. दोन मिनिटांत दारांवरून जांभळे ओघळ सुटले. वडील पुढे आले आणि बोट लावून बघत म्हणाले, "ही आमचीच धूळ की." ते शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. ग्राइंडिंगची धूळ हवेत उडते, रंगावर बसून रुतते आणि तिथेच गंजते. बारा दिवस गाडी कंपनीच्या दाराशी उभी होती. क्ले, म्हणजे रुतलेले कण ओढून घेणारा मातीसारखा मऊ गोळा, फिरवल्यावर पत्रा हाताला काचेसारखा गुळगुळीत लागायला लागला.

मग रंगाची जाडी मोजली. कंपनीतून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि क्लिअर मिळून साधारण 100 ते 130 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजारावे भाग, असतात. त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक थर, क्लिअर, चाळीस-पन्नास. माणसाचा केस सत्तरच्या आसपास धरा, म्हणजे आमचं सगळं काम केसाहूनही पातळ थरात चालतं. छतावर 114 आलं. डाव्या पुढच्या दारावर 260, म्हणजे तिथे नंतर रंग मारलेला. बॉनेटच्या मध्यावर आकडा आला 81. मी तीनदा मोजलं.

माझं यंत्र सगळ्या थरांची बेरीज सांगतं, क्लिअर किती उरलाय ते सांगत नाही. तरी एकाच गाडीत छत 114 आणि बॉनेट 81 असेल, तर बॉनेट बऱ्याचदा घासलं गेलंय असंच धरून चालावं लागतं.

शटर अर्धं ओढून दिवा तिरका धरला, आणि बॉनेटवर स्वस्तिक दिसलं.

कुंकू नव्हतं, रंगही नव्हता. नुसता ठसा. चार हात, चार ठिपके, शेजारी आडवी बोटं फिरल्याची खूण. आधीच्या मालकाच्या घरी कुणीतरी पूजा केली असेल, ओलं हळद-कुंकू तसंच उन्हात राहिलं असेल. काळं बॉनेट उन्हात किती तापतं ते हात ठेवून बघावं. तेवढ्या उष्णतेत ते ओलं मिश्रण क्लिअरला खातं आणि आकार तसाच राहतो. त्या ठशापायीच कुणीतरी तिथे पुन्हा पुन्हा मशीन दाबलं होतं.

मी दोघांना बोलावलं, दिवा दाखवला, आकडे दाखवले आणि दाराचंही सांगितलं. ते नुसतं पॉलिशला आले होते, दाराबद्दल कुणी विचारलं नव्हतं. पण बॉनेटचा आकडा सांगायचा आणि दाराचा लपवायचा, हे मला बरोबर वाटलं नाही. मुलगा चिडला. विकणाऱ्याने "एक पीसही रंगवलेला नाही" असं तोंडावर सांगितलं होतं. वडील दारावरून हात फिरवत गप्प उभे राहिले.

रबरी पट्ट्या आणि पत्र्याच्या कडा टेपने झाकल्या. ड्युअल ॲक्शन मशीन घेतलं. ते फिरता फिरता डोलतं, त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही. मऊ फोमचं पॅड, बारीक पॉलिश, दीड हात चौरस जागा, आडवे-उभे चार हात. मग अल्कोहोलने पुसलं. पॉलिशमध्येही तेल असतं आणि तेही ओरखडे झाकतं. न पुसता गिऱ्हाइकाला दाखवणं म्हणजे त्या विकणाऱ्याचंच काम परत करणं.

जाळी बरीचशी गेली होती. काळा रंग खोल, ओला दिसायला लागला. स्वस्तिक पुसट झालं, पण गेलं नाही.

"अजून दाबा की दादा, निघेल," मुलगा म्हणाला.

"निघेल," मी म्हणालो, "आणि मग वर्षा-दोन वर्षांत इथलं क्लिअर पांढरं पडून सोलायला लागेल."

शिकाऊ असताना एका गाडीच्या बॉनेटच्या कडेवर मी रोटरी जरा जास्त टेकवली होती. चार सेकंद. पॅडखालून करडा प्रायमर वर आला. तो गरम रंगाचा वास आजही नाकात आहे. कडेला रंग आधीच पातळ असतो, तिथे दुसरी संधी मिळत नाही. त्या मालकाचा चेहरा आठवून मी मशीन खाली ठेवलं.

वडील म्हणाले, "ऱ्हाऊ दे लेका. कुणीतरी हातानं काढलंय ते."

बाकी गाडीला तीन वाजले. शेवटी वॅक्स लावलं, कार्नोबाचं. ब्राझीलमधल्या एका ताडजातीच्या झाडाच्या पानांवरून हे मेण मिळतं. थर इतका पातळ द्यायचा की लावल्याचं जेमतेम दिसावं. जाड लावलं तर पुसताना डाग राहतात, चमक वाढत नाही. गाडी बाहेर काढली तेव्हा समोरच्या गाळ्याची पाटी दारात उलटी वाचता येत होती. मुलगा गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आला.

निघताना फोनवर मुलाची आई होती. उद्याची पूजा बॉनेटवर करू का, विचारत होती. मी सांगितलं, मावशी, हळद-कुंकू काचेवर लावा, काचेला काही होत नाही. हार घालताना तार पत्र्याला लागू देऊ नका. बॉनेटवर चुकून सांडलंच तर कोरडं पुसू नका, आधी भरपूर पाणी ओता.

संध्याकाळी मशीन पाटावर ठेवलं. कुंकवाची चिमूट घेतली आणि थांबलो. पॅड काढून डब्यात ठेवलं, झाकण घट्ट लावलं, मग मुठीवर कुंकू लावलं.