तरडगावच्या वाटेवरची दुपार

पुण्यातले दोन दिवस, दिवे घाट आणि सासवडचा मुक्काम आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. लख्ख आठवते ती लोणंदहून तरडगावला जातानाची दुपार. चांदोबाच्या लिंबापाशी वारीतले पहिले उभे रिंगण झाले, अश्व डोळ्यांसमोरून दौडत गेला, लोक त्याच्या टापांखालची माती कपाळी लावत होते आणि माझे सारे लक्ष मात्र डाव्या टाचेवरच्या फोडाकडे होते.

टँकरपाशी पुढे उभ्या असलेल्या एका आजींना मी म्हणालो, "आटपा हो, मागे माणसे खोळंबली आहेत." त्या काही बोलल्या नाहीत; अर्धाच भरलेला तांब्या घेऊन बाजूला झाल्या. पुढे चालताना ध्यानात आले की माझ्या ओळीतली माणसे माझ्याशी बोलेनाशी झाली आहेत. अभंगाचा चरण उचलताना कुणी माझ्याकडे पाहत नव्हते, आणि सकाळच्या 'माउली, जरा सरका'मधली माउली गळून नुसते 'सरका' उरले होते. मला त्यांचाच राग आला. माझ्या कपाळावरची आठी त्यांना सकाळपासून दिसत असेल, हे तेव्हा सुचले नाही.

विसाव्याला, माझे लंगडणे पाहून, त्याच आजी जवळ आल्या. डोईवरची तुळस शेजारणीकडे देऊन त्यांनी चंचीतून सुईदोरा काढला. "पाय इकडं करा, माउली." एवढ्या वयाच्या बाईच्या हाती पाय देववेना, तेव्हा त्यांनीच तो ओढून मांडीवर घेतला, आधी त्यावर कपाळ टेकवले, मग फोडातून दोरा ओवून पाणी काढले आणि दोऱ्याचे टोक तसेच आत राहू दिले. टँकरपाशी बोललो त्याबद्दल मी क्षमा मागितली, तर "ऊन लई होतं," एवढेच म्हणाल्या.

दिंडी पुन्हा निघाली, तेव्हा शेजारच्या काकांना मी वाट देण्याविषयी हळूच विनवले. त्यांनी वाट दिलीच, शिवाय स्वतःचे टाळ माझ्या हाती ठेवले. दुपारी मला टाळणारे हेच गृहस्थ होते.

तरडगावला, मुक्कामी साऱ्या दिंड्या पालखीभोवती जमून होते त्या समाज आरतीच्या वेळी, चोपदारांनी दंड उंचावला आणि सारे टाळ एकदम थांबले. एका दिंडीचे मात्र वाजतच राहिले. गाऱ्हाणे असेल त्या दिंडीने टाळ वाजवत राहायचे, अशी रीतच आहे. चोपदार तिथवर गेले, त्यांनी ऐकून घेतले, आणि तेही टाळ शांत झाले. मी त्या गर्दीत आजींची तुळस शोधत होतो.