मासा कुणाच्या ताटात पडतो

स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला राहते म्हटलं की सोलापूरची मंडळी गृहीतच धरतात, ही रोज मासे खात असणार. त्यांचं काही चूक नाही. समुद्र दारात, बंदर भर गावात आणि उत्तरेला तासाभरावर पीटरहेड, म्हणजे पांढऱ्या माशांचा (कॉड, हॅडॉक वगैरे) युरोपातला सगळ्यात मोठा बाजार. पण मी इथल्या एका हृदयरोग वॉर्डात नर्स आहे. घरी सोडताना पेशंटला काय काय खाता हे विचारणं माझ्याकडेच असतं. बंदराच्या या गावातली कितीतरी माणसं मासा खातात तो फक्त शुक्रवारी, पिठात बुडवून तळलेला, वर बटाट्याच्या काचऱ्यांचा ढीग.

हा तळलेला मासा इथे बहुतेक वेळा हॅडॉक असतो. हॅडॉक, कॉड ही मंडळी चरबी साठवतात यकृतात, मांस जवळजवळ कोरडं. हृदयासाठी ज्या ओमेगा-३ चरबीचं एवढं कौतुक होतं ती असते हेरिंग, मॅकरेल, सार्डिन, सॅल्मनमध्ये. मॅकरेल म्हणजे आपल्या बांगड्याचा भाऊबंद, सार्डिन तारलीचा. असा तेलकट मासा दर माणशी आठवड्याला १४० ग्रॅम खाल्ला जावा, एवढंच स्कॉटलंडच्या सरकारचं उद्दिष्ट आहे. म्हणजे एक वेळचं जेवण. सरासरी त्याच्या आसपासही जात नाही.

आणि ही सरासरीसुद्धा फसवी. इथे प्रत्येक वस्तीला उत्पन्न, नोकरी, शिक्षण, आरोग्य, घरं अशा निकषांवर क्रम दिलेला असतो आणि आकडेवारी पाच गटांत मांडतात. सगळ्यात सुस्थितीतल्या गटात तेलकट मासा जास्त खाल्ला जातो, तळाच्या गटात कमी. वॉर्डात बसून पत्ता ऐकला की पुढचं उत्तर काय येणार याचा अंदाज मला येऊ लागलाय. पश्चिमेकडच्या दगडी बंगल्यांतले निवृत्त आजोबा म्हणतात, "सॅल्मन ना, मंगळवारी आणि शनिवारी." बंदरापलीकडच्या टॉरीमधला माझ्या वयाचा माणूस म्हणतो, "टूना खातो की, डब्यातला." डब्यातला टूना तेलकट माशांत धरत नाहीत. हे त्याला सांगताना मलाच ओशाळल्यासारखं होतं, कारण टॉरी हे मुळात कोळ्यांचं गाव. मासा टिकवायचा कसा यावर काम करणारी मोठी संशोधन संस्था कित्येक वर्षं तिथंच होती.

पैसा हे कारण आहेच. सॅल्मनचे दोन तुकडे चार-पाच पौंडांना पडतात. पण सार्डिनचा डबा एका पौंडाच्या आत मिळतो, मग तो का नाही उचलत? हा प्रश्न मी आधी फार सरळपणे विचारायचे. एका बाईंनी तितक्याच सरळपणे उत्तर दिलं: पोरांनी तोंड वाकडं केलं तर दुसरं काही करायला घरात नसतं. ज्याचं फ्रीज भरलेलं असतं त्याला नवीन पदार्थ करून बघता येतो. ज्याच्याकडे मोजून आठवड्याचं सामान आहे, तो पोरं नक्की खातील तेच आणतो. पुन्हा विजेचा मीटर आधी पैसे भरून चालणारा, त्यामुळे ओव्हन लावताना हात आखडतो. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये वास तीन दिवस कपड्यांना राहतो, ते वेगळंच. आमच्या माहितीपत्रकात यातलं एकही कारण लिहिलेलं नाही. त्यात लिंबाची फोड ठेवलेल्या सॅल्मनचा फोटो आहे.

गंमत म्हणजे, शंभरेक वर्षांपूर्वी हे चित्र उलटं होतं. हेरिंग हा इथल्या गरिबाचा मासा. ओटच्या भरड्यात घोळवून तव्यावर टाकायचा नाहीतर बटाट्याबरोबर उकडायचा. हेरिंगचे थवे किनाऱ्याने जसे सरकत तशा मासे साफ करून मिठात भरणाऱ्या बायकांच्या टोळ्या बंदरामागून बंदरं करत दक्षिणेला जात, आणि ती पिंपं जर्मनी-रशियाला रवाना होत. पुढे इतकी उपसाउपसी झाली की १९७७ मध्ये उत्तर समुद्रातली हेरिंगची मासेमारीच काही वर्षं बंद ठेवावी लागली. हेरिंग परत आला, पण लोकांच्या जिभेवरून तो उतरला तो उतरलाच. आज इथल्या बोटी पकडतात त्या मॅकरेलचा मोठा वाटा परदेशी जातो. स्थानिक न्याहारीत टिकून राहिली ती रोवी, डुकराची चरबी घालून केलेली खारट, चपटी पाव-पोळी. चव विचाराल तर उत्तम. आमच्या वॉर्डाला पेशंट कमी पडत नाहीत, त्यात तिचाही हात असावा.

हे सगळं मला ओळखीचं वाटतं ते करडईमुळे. आमच्याकडे रब्बीच्या ज्वारीभोवती करडईची काही तासं पेरायची पद्धत होती. काटेरी असल्यामुळे जनावर आत शिरत नाही, कोवळ्या पानांची भाजी होते आणि शेवटी घाण्यावर तेल निघतं. सोलापूरच्या कृषी संशोधन केंद्रानं 'भीमा', 'फुले कुसुमा' अशा जाती दिल्या. बांधावरचं हे तेल खाणारा माणूस कुणी श्रीमंत नव्हता. त्या तेलात संपृक्त चरबी, म्हणजे हृदयाला बाधणारी, दहा टक्क्यांच्याही आत. पामतेलात जवळपास निम्मी. आणि आज सोलापूरच्या साखर पेठेत किंवा अशोक चौकात दिवसाला हजार विड्या वळणाऱ्या बाईच्या कढईत काय असतं? पामतेल, कारण तेच परवडतं. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारनं शंभर रुपयांत जो 'आनंदाचा शिधा' दिला, त्यातही रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेलच होतं. तिकडे लाकडी घाण्याचं करडईचं तेल दुपटीहून जास्त भावानं जुळे सोलापूरच्या दुकानात काचेच्या बाटलीत दिसतं. आजीचं तेल आता डॉक्टरांच्या घरी जातं.

माशाचं आमच्याकडे आणखी वेगळं. इथे पाकीट आडवं येतं, सोलापुरात त्याच्या आधी जात आणि घरमालक आडवे येतात. लिंगायत, जैन, ब्राह्मण घरांत प्रश्नच नसतो. जे खातात त्यांना उजनी धरणातला चिलापी, रोहू, कटला मिळतो. गोड्या पाण्यातला हा मासा प्रथिनांना उत्तम, पण ओमेगा-३ समुद्रातल्या बांगड्या-तारलीपेक्षा बराच कमी. बांगडा बर्फात येतो आणि तोवर त्याचा भाव चढलेला असतो. गरिबाच्या घरी समुद्र पोचतो तो आठवडी बाजारातल्या सुक्या बोंबलाच्या आणि सुकटीच्या रूपानं, आणि तेही भाजताना दार लावून घ्यावं लागतं. भाड्याची खोली असेल तर विचारूच नका.

मासा न खाणाऱ्यांना आपल्याकडे जवस आहे. त्याच्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-३, फक्त ते वनस्पतीतलं. माशातल्या प्रकारात त्याचं रूपांतर आपलं शरीर थोडंसंच करतं. तरी जवसाच्या चटणीला मी कमी लेखणार नाही. कुटून ठेवलेली लवकर खवट होते, एवढं सांभाळा. शेंगा चटणी मात्र या कारणासाठी खाऊ नका, ती चवीसाठी खा.

आता वहिनीच्या यादीबद्दल. दर सुट्टीत "येताना फिश ऑइलच्या कॅप्सूल आण" हे असतंच. वहिनी, आणणार नाही. २०१८ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेनं ७९ चाचण्या, एक लाखाहून जास्त माणसं, असा सगळा पुरावा एकत्र तपासला. ओमेगा-३ च्या कॅप्सूलनं हृदयविकार किंवा मृत्यू टळण्यात फरक जवळजवळ दिसला नाही. मग मासे खाणारी माणसं जास्त जगतात हे पूर्वीच्या पाहण्यांत का दिसायचं? मासा चांगला आहेच. वेल्समध्ये हार्ट अटॅक येऊन गेलेल्या पुरुषांवर केलेल्या १९८९ च्या चाचणीत, तेलकट मासा खायला सांगितलेल्यांचे मृत्यू दोन वर्षांत २९ टक्क्यांनी कमी झाले होते. नंतरच्या चाचणीत मात्र तसं आढळलं नाही. पण पाहण्यांमधला मासे खाणारा हा बहुधा आमचा दगडी बंगल्यातला आजोबा असतो. तो सिगारेट ओढत नाही, कुत्र्याला घेऊन रोज फिरतो, छातीत दुखलं की त्याच दिवशी फोन करतो आणि त्याला पेन्शन आहे. संशोधक हिशेबातून हे सगळं वजा करायला बघतात, पण पूर्ण वजा होत नाही. कॅप्सूलच्या बाटलीत यातलं काहीच येत नाही, येतं ते फक्त तेल.

बाटलीच्या त्या पैशात महिनाभराचं घाण्याचं तेल येईल. थोडं लक्ष्मीबाईंनाही द्या, त्या आपल्याकडे भाकऱ्या करतात आणि स्वतःच्या घरी पामतेलात फोडणी देतात. चॉकलेटं आणतेच आहे.