फियाट, तवा आणि उरलेले फोटो

गाडी कधी विकणार, हा प्रश्न मला वर्षातून दोनदा हमखास विचारला जातो. एकदा दिवाळीला मुलगा पुण्याहून येतो तेव्हा, आणि एकदा सोसायटीच्या वार्षिक सभेत. मुलगा निदान फराळ खाता खाता विचारतो. सोसायटीच्या विषयपत्रिकेवर मात्र 'पार्किंगमधील बंद वाहने' असं छापलेलं असतं आणि सगळ्या माना माझ्याकडे वळतात. गाडी बंद नाही. दर शनिवारी संध्याकाळी ती बाहेर पडते, आणि हे सभेतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, कारण चोक ओढून सुरू केली की पेट्रोलचा वास दुसऱ्या मजल्यापर्यंत जातो.

गाडी म्हणजे वडिलांनी १९८६ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी. आमच्याकडे तिला फियाटच म्हणतात. शनिवारी ती टेकडीवरच्या चारभिंतीच्या रस्त्याला जाते, कारण तिथे आमची मंडळी जमतात. मास्तर (निवृत्त चित्रकला शिक्षक), त्यांच्या घरच्या म्हणजे आमच्या वहिनी, जनावरांचे डॉक्टर, अधूनमधून बापू मेकॅनिक, आणि मी. खाली सातारा, हातात थर्मासमधला चहा. आमचे हे येत नाहीत. तुमच्या गप्पांत माणसं कमी आणि पार्ट जास्त असतात, असं त्यांचं म्हणणं. आरोप खरा आहे.

आमच्यातला कायमचा वाद म्हणजे फियाट की मारुती. डॉक्टरांकडे जुनी ८०० आहे. नव्या गाडीतून ते लग्नाला जातात, पण गोठ्यावर जायचं तर ८००च. त्या गाडीत कडबा, फिनेल आणि कॅल्शियमच्या बाटल्यांचा जो मिश्र वास आहे तो आता धुऊन जाणारा नाही. त्यांचा मुद्दा ठरलेला असतो: मारुती डिसेंबर १९८३ मध्ये आली, मग तुमच्या वडिलांनी १९८६ मध्ये ही इटलीची शिळी भाकरी का घेतली? मुद्दा बिनतोड आहे. मूळ इटलीतली 'फियाट ११००', ती वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात बांधायची. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. मारुतीचं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, आणि तरी चढावर आमच्या शेजारून शिट्टी वाजवत निघून जायची. वडिलांचं उत्तर मला पाठ आहे. ते दरवाजा लावून दाखवायचे. 'आवाज ऐक. हा पत्रा आहे.' मारुतीचा दरवाजा लावला की ते काहीच बोलायचे नाहीत, नुसते बघायचे.

त्या पत्र्याचं कौतुक मला मात्र नाही. खालचा पत्रा गंजतो, आणि साताऱ्याच्या पावसात तर फारच. मला आवडतो तो गिअर. मागच्या वर्षी एका लग्नाला गेले तर कार्यालयाच्या दारात पार्किंगवाल्या पोराने चावी मागितली. दिली. अक्षता पडायची वेळ आली तरी गाडी जागची हलली नव्हती. पोरगा वाकून सीटच्या मध्ये, खाली, पायाशी काहीतरी शोधत होता. 'मावशी, गिअर कुठाय?' स्टिअरिंगच्या डावीकडचा दांडा त्याने वायपरचा समजला होता आणि दोनदा ओढूनही पाहिला होता. शेवटी शालू सावरत मीच गाडी लावली. वराकडची सगळी म्हातारी माणसं मंडप सोडून बघायला बाहेर आली आणि प्रत्येकाने मला आपापल्या फियाटची गोष्ट सांगितली. जेवायला उशीर झाला. पण जिलबी गरम मिळाली.

यवतेश्वरचा घाट हा वेगळा विषय. एप्रिल-मेमध्ये दुपारी चढायला लागलं की अर्ध्या वाटेत गाडी गचके देते आणि बसते. पेट्रोल असतं, प्लगला ठिणगी असते, तरी बसते. इंजिनच्या उष्णतेने पंपातल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंप द्रव खेचायला बनवलेला, त्याला वाफ पुढे ढकलता येत नाही. उपाय एकच. बॉनेट उघडायचं, पंपावर ओला फडका ठेवायचा आणि दहा मिनिटं दरी बघायची. म्हणून माझ्या डिकीत जॅकच्या शेजारी वडिलांच्या जुन्या धोतराचा तुकडा आणि पाण्याची बाटली कायम असते. कासला निघालेले पर्यटक थांबून विचारतात, काही मदत हवी का. मग फडका बघतात आणि त्यांना वाटतं मी काही विधी करतेय.

हल्ली शनिवारच्या गप्पांत या घाटाला मागे टाकणारा विषय आला आहे, तो म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. बापूने एकदा चहा पिता पिता खिशातून रबरी नळीचा तुकडा काढला. माझ्याच गाडीचा. नखाने दाबला तर नखाची खूण तशीच राहिली. 'ताई, हे रबर जुन्या पेट्रोलसाठी बनवलेलं. नव्या पेट्रोलात ते फुगतंय.' शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, टाकीतला वर्षानुवर्षांचा गंज सोडवतं, आणि तो गंज कार्बोरेटरच्या बारीक भोकात जाऊन बसतो. डॉक्टरांच्या ८००चीही तीच कथा, त्यामुळे त्या दिवशी पहिल्यांदाच फियाट आणि मारुती एका बाजूला होत्या. बापूचा सल्ला: सगळ्या नळ्या बदला, मध्ये एक फिल्टर घाला, आणि टाकी भरून गाडी महिनाभर उभी ठेवू नका. उभी ठेवू नका हे माझ्या फायद्याचं निघालं. सोसायटीला सांगायला एक तांत्रिक कारण मिळालं.

कागदपत्रांचं बोलायचं तर पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी, आणि त्याची फी एप्रिल २०२२ मध्ये सहाशेची एकदम पाच हजार झाली होती, पुढे आणखी वाढली. वर हरित कर. डॉक्टर म्हणतात, २०३६ पर्यंत थांब, पन्नास वर्षं झाली की व्हिंटेजमध्ये नोंदव, नंबरप्लेटवर 'व्हीए' अशी अक्षरं येतील. मग रोज चालवता मात्र येणार नाही, प्रदर्शनाला वगैरे न्यायची. मला तो सौदा पटत नाही. भाजी आणायला न जाणारी गाडी घेऊन मी काय करू?

आता मास्तर. त्यांचं कपाट म्हणजे कॅमेऱ्यांचं वृद्धाश्रम. त्यातला लाडका याशिका इलेक्ट्रो ३५, १९६६ साली निघालेल्या मालिकेतला. या कॅमेऱ्याला लागणारी बॅटरी पाऱ्याची होती, साडेपाच व्होल्टच्या किंचित वर. पाऱ्याच्या बॅटऱ्या बंद झाल्या आणि जगभरचे याशिकावाले अडकले. मास्तरांनी सहा व्होल्टची बारकी बॅटरी घेतली, भोवती ड्रॉइंग पेपरची गुंडाळी केली आणि उरलेल्या जागेत बॉलपेनची स्प्रिंग बसवली. चालतो. रोल पुढे सरकवताना आतून टक्क असा आवाज आला तर कॅमेरा ठीक, नाही आला तर आतला रबराचा तुकडा विरघळलाय असं समजायचं. हे मास्तर इतक्या वेळा करून दाखवतात की आता डॉक्टर लांबून ऐकून 'ठीक आहे, ठीक आहे' म्हणतात. जनावर तपासल्यासारखं.

पावसाळ्यात खरी पंचाईत. जून ते सप्टेंबर साताऱ्यात कपड्यांना बुरशी येते, तर भिंगाला का नाही येणार? भिंगाच्या आत जाळं धरलं की ते काचेचा लेप खातं आणि मग पुसून काही होत नाही. मास्तर सगळे कॅमेरे हवाबंद डब्यात ठेवतात, सोबत सिलिका जेलच्या निळ्या गोळ्या. ओल धरली की गोळ्या गुलाबी होतात, तापवल्या की पुन्हा निळ्या. तापवायच्या कुठे, तर तव्यावर. तवा कोणाचा? पोळ्यांचा.

एका जुलैत वहिनी स्वयंपाकघरात शिरल्या तेव्हा तव्यावर गुलाबी गोळ्या तडतडत होत्या आणि मास्तर उलथन्याने त्या हलवत होते. पुढचं संभाषण मी लिहीत नाही. वहिनींची बाजू मात्र शास्त्रशुद्ध होती, कारण त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं आणि ते अन्नाच्या भांड्यात जाता कामा नये. डॉक्टरांनीही हे ठासून सांगितलं. आता मास्तरांकडे स्वतःचा वेगळा तवा आहे. तो कॅमेऱ्यांच्या कपाटात असतो, वर चिकटपट्टीवर 'पोळी नको' असं लिहिलेलं.

ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरल्याची बातमी आली. ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेवला नोंदलेली, आणि मुंबईत टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षांचं. हे होणार हे आधीच माहीत असल्यामुळे मास्तर त्या उन्हाळ्यातच एसटीने मुंबईला जाऊन उरल्यासुरल्या टॅक्स्यांचे फोटो काढून आले होते. कृष्णधवल रोल, छत्तीस फोटो. घरी येऊन बाथरूममध्ये धुतला. मे महिन्यात नळाचं पाणी गरम, आणि रसायन हवं वीस अंशांचं, म्हणून फ्रीजमधला सगळा बर्फ गेला. वहिनींचं पन्हं तसंच राहिलं.

बातमी आली त्या शनिवारी त्यांनी प्रिंट आणले होते. टॅक्स्या छानच होत्या. छतावरचं कॅरियर, दरवाजाची त्रिकोणी काच उघडून त्यात बोटं अडकवून बसलेला ड्रायव्हर. मी एकेक बघत शेवटाकडे आले तर शेवटच्या दोन फोटोंत वहिनी. एकात ओट्याशी पाठमोऱ्या, दुसऱ्यात 'आता काय?' अशा चेहऱ्याने वळलेल्या. मी म्हटलं, हे सगळ्यात चांगले आलेत. मास्तर सहज म्हणाले, अगं, रोल संपवायचा होता.

वहिनींनी चहाचा कप खाली ठेवला. 'तुम्ही मला आयुष्यभर उरलेल्या रोलवरच घेतलंय.'

कुणीच काही बोललं नाही, कारण ते खरं होतं, आणि नुसतं मास्तरांच्या घरी नाही. घरी जाऊन मी आमचे अल्बम काढले. सहलीचे, मुंजीचे, कुणाकुणाच्या लग्नांचे. आणि प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी, रोल स्टुडिओत द्यायच्या आधी घाईने उडवलेले एकदोन: आई मोरीत भांडी घासतेय. दारात फियाट, टपावर वाळत घातलेली गोधडी. दूरदर्शनच्या टीव्हीवर क्रोशाचं झाकण. नवरा बनियनवर पेपर वाचतोय. रोल महाग होता, स्वयंपाकघरावर कोण खर्च करणार! ती घरं कशी होती ते आज सांगणारे फोटो एवढेच, आणि तेही छत्तीसच्या जागी सदतीस-अडतीस निघावेत या आपल्या काटकसरीमुळे निघालेले. लग्नातल्या माणसांपैकी निम्मी मला ओळखता आली नाहीत. मोरीतला तो पितळी बंब मात्र कुठल्या बाजूने गळायचा हेसुद्धा आठवलं.

मास्तरांना बोलणं लागलं असावं. पुढच्या शनिवारी त्यांनी वडिलांचा अ‍ॅग्फा क्लिक थ्री कॅमेरा आणला, बडोद्याला बनलेला, आणि नवीन १२० चा रोल घालून वहिनींच्या हातात दिला. बारा चौकोनी फोटो. सेटिंग म्हणावं तर ऊन नाहीतर ढग, मागच्या लाल खिडकीत आकडा दिसेपर्यंत चाक फिरवायचं, बास. 'तुला हवं ते काढ.' वहिनींनी आधी विचारलं, रोल केवढ्याला पडला. आकडा ऐकून म्हणाल्या, मग तर विचार करूनच काढते.

बारा फोटो काढायला त्यांना तीन महिने लागले. धुऊन आल्यावर आम्ही सगळे त्यावर तुटून पडलो. निम्म्यांत डोकी कापलेली. एकात बापू माझ्या गाडीखाली, फक्त चपला दिसतायत. एकात डॉक्टर ८०० च्या सीटवर तोंड उघडून झोपलेले, मांडीवर कॅल्शियमची बाटली. एक पूर्ण काळा. एकात 'पोळी नको'चा तवा, खास उन्हात नेऊन काढलेला. एकात मी घाटात पंपावर फडका धरून उभी, आणि खरंच विधी चालल्यासारखं दिसतंय. मास्तरांचा एकही नाही. विचारलं तर म्हणाल्या, 'होता ना बाराव्यावर. पण तेवढ्यात मांजर आलं.'

सध्या तो मांजराचा फोटो मास्तरांच्या बैठकीत फ्रेम होऊन लागला आहे. याशिकाचा एकही फोटो तिथे नाही, यावरून रोज एकदा तरी वाद होतो असं कळतं.

असो. हे लिहायला बसण्याचं खरं कारण वेगळंच आहे. नळ्या बदलताना बापूच्या लक्षात आलं की डाव्या पुढच्या दाराच्या त्रिकोणी काचेचं रबर पार चिरलंय आणि पावसाचं पाणी सरळ दारात उतरतंय. उजवीकडचं मिळतंय, डावीकडचं मिळेना. नाना पेठेत विचारून झालं, पुण्याच्या जुन्या बाजारातही बुधवार-रविवार दोन्ही बघून झाले. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या माळ्यावर, डब्यात, गॅरेजमध्ये पडलं असेल तर कळवा. मी येऊन घेऊन जाईन, येताना कंदी पेढे आणीन. फक्त घाट लागत असेल तर दुपारची वेळ देऊ नका.