आधी कंदील

अमृत महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा गॅदरिंग, कबड्डीचे सामने, दहावीचा निरोप समारंभ असं बरंच काही डोळ्यांपुढून गेलं. मन मात्र थांबलं ते जिन्याखालच्या वाचनालयाच्या खोलीत. साल 1987, महिना जानेवारी. मी नववी 'ब'मध्ये होतो.

आपल्या मराठीच्या बाईंनी त्या वर्षी वाचक मंडळ सुरू केलं होतं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही चौदा जण खोलीत सतरंजीवर बसायचो. बाईंचा आग्रह एकच. पुस्तक आवडलं की नाही हे सांगू नका, कुठे अडखळलात ते सांगा. त्या म्हणायच्या, "ज्या सांगलीत 1843 साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक उभं केलं, ज्या सांगलीत खांडेकर जन्मले, त्या सांगलीतल्या पोरांनी पुस्तकाला प्रश्न विचारायला लाजायचं?" खांडेकरांना 1974 चं ज्ञानपीठ मिळालं, मराठीतलं पहिलं, हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की आम्हाला ते स्वतःच्या जन्मतारखेसारखं पाठ होतं.

त्या वर्षी एका लेखकांची कादंबरी वाचायला घेतली. प्रत एक आणि वाचणारे चौदा. बाईंनी ती प्रत बाइंडरकडे दिली आणि चार भाग करून घेतले. प्रत्येक भागाला खाकी पुठ्ठा, पाठीला निळं कापड, वर बाईंच्या अक्षरात 1, 2, 3, 4. ज्याच्या वाट्याला जो भाग येईल त्यानं तो आधी वाचायचा, चार दिवसांनी बदलायचा. माझ्याकडे पहिल्यांदा तिसरा भाग आला. कोण कुणाचा कोण, काही पत्ता नाही, आणि दुसऱ्याच पानावर एक माणूस हळदीच्या पेवात उतरताना दिसला.

आता पेव म्हणजे काय हे नव्या विद्यार्थ्यांसाठी सांगायला हवं. 'अमक्याचं पेव फुटलं' असं आपण सगळेच म्हणतो, पण पेव पाहिलेली माणसं आता कमी. सांगलीजवळच्या हरिपूरच्या मातीत खोल खड्डा खणायचा, तोंड अरुंद, पोट मोठं. आतून सारवायचं, कडेनं पाला लावायचा, हळद भरायची आणि तोंड मातीनं बंद करून टाकायचं. त्या मातीत हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या नावामागे हे पेव आहेत, आणि पेवात उतरणारे हमालही. माझे वडील, अण्णा, त्यांतले एक. मार्केट यार्डात हमाली आणि पेव उघडायचे असले की हरिपूर.

कादंबरीतला माणूस पेवाचं तोंड उघडतो आणि लगेच दोर धरून खाली उतरतो. मी तिथेच थांबलो. अण्णांच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकत आलो होतो की पेव उघडलं की त्यात कुणी लगेच उतरत नाही. आधी तास न् तास वारं खेळू द्यायचं, मग कंदील सोडायचा. कंदील जळत राहिला तरच माणूस. वहीत मी एवढंच लिहिलं, 'पान 211. आधी कंदील.'

लेखक सांगलीत एका व्याख्यानासाठी येणार आहेत हे कळल्यावर बाईंनी त्यांना पत्र टाकलं, आणि ते खरंच आले. शनिवारी दुपारी, एसटी स्टँडवरून चालत, खांद्याला शबनम. मुख्याध्यापकांनी हार आणला होता, तो त्यांनी हातातच घेतला. पहिल्यांदा त्यांची नजर गेली ती त्या चार भागांवर. पोटात गोळा आला आमच्या, कारण पुस्तक फाडलेलं पाहून लेखकाला काय वाटेल हे आम्हाला कळत नव्हतं. त्यांनी एकेक भाग हातात घेतला, पाठीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "कुणी कुठला आधी वाचला?" मग प्रत्येकाला त्यांनी तेच विचारलं. चौथा भाग आधी वाचलेल्या मुलीला म्हणाले, "म्हणजे तुला तो मरणार हे माहीत असताना तू त्याचं बालपण वाचलंस. कसं वाटलं?" ती म्हणाली, "त्याची काळजी वाटत राहिली." त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. मोठा माणूस आपल्यापैकी कुणाचं तरी बोलणं लिहून घेतोय, हे मी तोवर पाहिलेलं नव्हतं.

भडंगाच्या पुड्या वाटून झाल्या, चहा आला. बाईंनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मी उभा राहिलो, घसा कोरडा. म्हणालो, "सर, पान 211. पेव उघडल्यावर लगेच कुणी उतरत नाही. आधी कंदील सोडतात." खोलीत एकदम शांतता झाली. मुख्याध्यापक मला बसायला सांगणार तेवढ्यात लेखकांनी हात वर केला आणि विचारलं, "हे तू कुणाकडून ऐकलंस?"

"अण्णांकडून. माझे वडील उतरतात."

"आणि अण्णांनी कुणाकडून?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "संध्याकाळी असतील घरी?"

आमचं घर हरिपूर रस्त्याला, दोन खोल्यांचं. लेखक घरी येणार म्हणून आईनं शेजारून खुर्ची मागून आणली. ते मात्र भिंतीला टेकून घोंगडीवरच बसले. अण्णा कामावरून आलेले, अंगावर हळद तशीच, मानेच्या घड्यांत, नखांत. आमच्या घरात ती कधी पुरती निघायचीच नाही. त्यांनी आधी मला जवळ घेतलं आणि म्हणाले, "पोरगं खरं बोलतंय साहेब, पर अर्धंच. कंदील सोडायचा ही रीत. पर मालाची घाई असली की रीत मागं पडती."

लेखकांनी पुढे काहीच विचारलं नाही. नुसते बसून राहिले. आज वाटतं, हेच त्यांचं मोठेपण. बऱ्याच वेळानं अण्णांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. माझे थोरले चुलते, आप्पा. मला आठवतं तेव्हापासून त्या फोटोला हार होता आणि ते तापानं गेले असं मला सांगितलेलं होतं. अण्णा सांगू लागले तशी आजी उठून आतल्या खोलीत गेली.

पावसाचं वातावरण होतं, ट्रक उभा होता, माल आजच भरायचा होता. पेव उघडून फार वेळ झाला नव्हता. कंदील आणायला माणूस गेला होता, तो येईपर्यंत मालकाचा माणूस दोनदा ओरडला. आप्पा म्हणाले, होतोय उशीर, मी बघतो. उतरले ते वर आले नाहीत. अण्णा तेव्हा सोळा वर्षांचे, वर दोर धरून उभे. ते खाली उडी घेत होते, बाकीच्यांनी त्यांना धरून ठेवलं. कंदील आला तो नंतर. सोडला, आणि निम्म्यातच विझला.

पुढे अकरावीला रसायनशास्त्र शिकताना मला त्याचं कारण कळलं. बंद पेवात साठलेला माल, ओल, पाला हे सगळं हळूहळू प्राणवायू संपवत जातं आणि कर्बवायू साठतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशीच बसतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला काही कळायच्या आत तो कोसळतो, कंदील मात्र विझून दाखवतो. फळ्यावर सूत्र लिहिलं जात होतं आणि माझ्या डोळ्यांपुढे वर दोर धरून उभे असलेले सोळा वर्षांचे अण्णा होते.

निघताना लेखकांनी विचारलं, "हे मी लिहिलं तर चालेल?" अण्णा म्हणाले, "लिवा. पर आमचं नाव घालू नका. आईला तरास होईल."

ते चार भाग त्यांनी दुपारीच सही करून ठेवले होते, चारींवर वेगवेगळी. तिसऱ्यावर लिहिलंय, 'पान 211 चुकलं आहे, वाचणाऱ्यांनी सांभाळून उतरावं.' आपल्या वाचनालयाच्या काचेच्या कपाटात ते अजून आहेत. 2005 च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं, हळद गेली, पेवांचे पूर्वीचे दिवस काही परत आले नाहीत. 2019 ला शाळेच्या तळमजल्यावर पाणी आलं तेव्हा शिपाईमामांनी रात्रीतून पुस्तकं वर नेली म्हणून आपली वाचली. कार्यक्रमाला याल तेव्हा ते कपाट उघडायला सांगा.

लेखकांच्या त्या भेटीनंतर दोन वर्षांनी, मी कॉलेजात असताना, टपालानं नवी आवृत्ती आली. पत्र नव्हतं, नुसतं पुस्तक. 211 वर ते वाक्य नव्हतं. तिथं होतं, 'कंदील वर आला. विझलेला होता.' आणि मग सबंध तीन पानं तोंडाशी उभ्या माणसांची, कुणीही खाली उतरत नाही. वरून कुणी ओरडतंय, तरीही नाही.

अण्णा चौथीपर्यंत शिकलेले, जोडाक्षरांना अडायचे. मी त्यांना वाचून दाखवलं. संपल्यावर म्हणाले, परत वाच. परत वाचलं. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "जा, आईला बोलव. म्हणावं, जरा हितं येऊन बस."