चिमटा मेला, पक्कड जगली

दहावीच्या विज्ञानात भाग २ चा पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. लॅमार्क चूक, डार्विन बरोबर असं पोरं सुवाच्य अक्षरात लिहितात, मार्क घेतात, आणि तोंडी विचारलं की बिनधास्त सांगतात, "मॅडम, जिराफानं मान ताणली म्हणून ती लांब झाली." पेपरात डार्विन, डोक्यात लॅमार्क. औसा तालुक्यातल्या आमच्या शाळेत मी हे वर्षानुवर्षं ऐकत आलेय. यंदा संक्रांतीच्या आधी उजळणीला लागलो तेव्हा जिराफ बाजूला ठेवला आणि सांगितलं, उद्या येताना सराटे आणा. आणि घरात धरायला-फोडायला जे काही असेल ते.

सराटेच का, तर पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस बेटांमुळे. डार्विन १८३५ साली तिथं गेला आणि फिंच नावाचे चिमणीएवढे पक्षी त्यानं गोळा केले, हे पोरांना माहीत असतं. मला सांगायची होती ती गोष्ट त्याच्या फार नंतरची. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे जोडपं १९७३ पासून तिथल्या डॅफ्नी मेजर बेटावर फिंच पकडायचं, चोच मोजायचं, पायात कडी घालून सोडून द्यायचं. बेट जेमतेम ८५ एकरांचं. सीलिंगच्या आधी एकेका पाटलाकडं एवढी जमीन असायची. १९७७ ला तिथं पावसानं दगा दिला. सबंध हंगामात २४ मिलिमीटर. मऊ, बारीक बी पाखरांनी आधी संपवलं. मागं राहिला सराटा. आपल्या रानातला नाही, पण त्याच वंशातला, तसाच काटेरी आणि तसाच टणक.

दुसऱ्या दिवशी पंक्चरच्या दुकानाचा पोरगा डबाभर सराटे घेऊन आला. त्याचा आणि सराट्याचा रोजचाच संबंध. कोणी सांडशी आणली, कोणी भुवया कोरायचा चिमटा, बऱ्याच जणांनी पक्कड. एका मुलीनं आजीचा पितळी अडकित्ता आणला होता. तो मी काढून टेबलावर ठेवला. "याची पाळी नंतर," म्हटलं. ती रुसली.

मैदानात ताडपत्री अंथरली. तिच्यावर राळं, म्हणजे बारीक दाण्याचं धान्य, आणि सराटे मिसळून पसरले. नियम एकच: हात लावायचा नाही, जे काही हातात आहे तीच तुमची चोच. पहिल्या फेरीत कुणीच सराट्याकडं फिरकलं नाही, सगळे राळ्यावर तुटून पडले. डॅफ्नीवरही हेच झालं होतं. मग मी उरलेलं राळं झाडून काढलं आणि म्हटलं, आता दुष्काळ. दोन मिनिटांत ज्याला बी निघणार नाही तो मेला, त्यानं भिंतीला जाऊन बसायचं.

सराटा फोडून बघायला आपण सहसा जात नाही, तळव्यातून काढून फेकून देतो. त्याचं फळ वाळलं की पाच फोडी सुट्या होतात, प्रत्येकीला काटे. पक्कडीत धरून दाबलं तर आधी काटे मोडतात, मग फोड निसटून लांब उडते. कोपऱ्यावर नेमका जोर बसला तरच टरफल तडकतं आणि आतल्या कप्प्यातलं बी दिसतं, पांढुरकं, ज्वारीच्या दाण्याहून कितीतरी लहान. एवढ्याशा घासासाठी एवढी मारामारी! चिमटेवाल्यांचे तर हाल. "मॅडम, हे फुटंना झालंय," म्हणत ते एकेक करून भिंतीला लागले.

एकानं भिंतीजवळच्या आपल्या दोस्ताकडं हळूच पक्कड सरकवली. त्यावर भुवयांचा चिमटा आणलेली मुलगी, जी स्वतः केव्हाच मेली होती, तिथूनच ओरडली, "ए, चोच उसनी देतेत का कुठं? माझा चिमटा चिमटाच राहिला म्हणून तर मी मेले ना!"

मी तिथंच खेळ थांबवला. तिनं जे सांगितलं ते मला इतक्या वर्षांत फळ्यावर सांगता आलं नव्हतं. प्रयोगशाळेतलं व्हर्निअर आणवलं. आधी सगळ्यांच्या अवजारांच्या तोंडाची जाडी मोजली, सरासरी काढली. मग फक्त जिवंत राहिलेल्यांची. सरासरी वाढली होती. "कुणाची पक्कड वाढली का?" "नाही." "मग सरासरी कशी वाढली?" पंक्चरवाला म्हणाला, "बारीकवाले गेले की मॅडम, म्हणून."

डॅफ्नीवर ‘मध्यम चोचीचा फिंच’ या जातीतले शंभरातले ८५ त्या वर्षात गेले. वाचलेल्यांच्या चोचीची जाडी सरासरीनं अर्धा मिलिमीटर जास्त होती. त्यांत माद्या फार थोड्या, कारण नर अंगानं मोठे, चोचही जाड. हे ऐकून मुलींची बाजू जरा नाराज झाली. पुढच्या वर्षी पाऊस झाला, पिल्लं झाली, ती आईबापांवर गेली, म्हणून त्यांच्याही चोची जाड. त्या उन्हाळ्यात एकाही पाखराची चोच सराव करून वाढली नाही.

कुणीतरी बहात्तरचा दुष्काळ काढलाच. आजोबांनी मदतीत आलेली ज्वारी, लाल मिलो खाल्ला, सुकडी खाल्ली, तरी तगले, म्हणजे ते पण पक्कडवालेच का? हे मी तिथल्या तिथं तोडलं. माणसांना मिलो आला, रोजगार हमीची कामं निघाली, २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. ‘जो बळकट तो टिकतो’ हे वाक्य माणसांना लावणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे.

"म्हणजे जाड चोच चांगली," असं आता सगळ्यांचं ठरलं होतं. मेलेल्यांना मी उठवलं. बेटावर हे चालत नाही, शाळेत चालतं. १९८२-८३ ला तिकडं एल निनो आला, म्हणजे पॅसिफिकचं पाणी नेहमीपेक्षा तापलं. हा शब्द आमच्या पोरांना टीव्हीमुळे पाठ आहे, अर्थ एकच: पाऊस गेला. गालापागोसला उलट, एल निनो म्हणजे धो धो. त्या खेपेला १३०० मिलिमीटरच्या वर पडला. गवत, वेली माजल्या, बारीक बियांची रास झाली. पुढची कोरडी वर्षं लागली तेव्हा बारीक चोचीवाल्यांनी बाजी मारली. ताडपत्रीवर मी नुसती खसखस टाकली. पक्कडवाले घामाघूम, आणि भुवयांचा चिमटा टिपतोय दाणा दाणा.

मधल्या सुट्टीत बाकीचे फिंच सांगितले. निवडुंगाचा काटा चोचीत धरून लाकडातली अळी उकरणारा एक, बूबी नावाच्या समुद्रपक्ष्याला टोचून रक्त पिणारा एक. पोरं शहारतील असं वाटलं होतं. एक जण शांतपणे म्हणाला, "आमच्या म्हशीच्या गोचिडी खाता खाता कावळा जखमेलाच टोचतो की." अभ्यासकांचाही अंदाज तोच आहे, बूबीच्या अंगावरचे किडे खाता खाता रक्ताची चटक लागली असावी.

मग अडकित्त्याची पाळी आली. १९८२ च्या सुमारास मोठ्या चोचीचा फिंच, वेगळी जातच, डॅफ्नीवर घरटी करू लागला. त्याच्यापुढं सराटा म्हणजे काहीच नाही. २००३-०४ ला पुन्हा दुष्काळ पडला, पुन्हा सराट्यावर वेळ आली. पंक्चरवाला पक्कड परजून तयार. शेजारी अडकित्तावाली बसली आणि कटाकट फोडत सुटली. त्याची एक फुटेपर्यंत तिच्या पाच. बघता बघता सराटे संपले. पक्कडवाले उपाशी, आणि या खेपेला मध्यम फिंचमध्ये तगले ते बारीक चोचीचे, अडकित्त्याला न टिपता येणाऱ्या बारीक दाण्यावर. दुष्काळ तोच, बी तेच, निकाल उलटा.

पंक्चरवाला भिंतीकडं जायलाच तयार नव्हता. "मॅडम, मागच्या दुष्काळात मी जगलो होतो," म्हणून भांडत बसला. अडकित्तावाली म्हणाली, "तेव्हा मी नव्हते."