टेलकोटाची मराठी: सबटायटलची नोंदवही

पहिला आठवडा

या वेळी मराठी सबटायटलसाठी हात घातलाय तो ‘टेल्स ऑफ मॅनहॅटन’ला. १९४२ सालचा, कृष्णधवल, दिग्दर्शक ज्युलिएं द्युविव्हिए. फ्रान्समध्ये असताना १९३७ साली त्यांनी नाचाच्या जुन्या वहीतल्या नावांवरून एक चित्रपट रचला होता. युद्धामुळे अमेरिकेत आल्यावर तीच युक्ती इथे एका टेलकोटावर, म्हणजे मागे लांब शेपट्या असलेल्या समारंभी कोटावर केली. कोट एकच, पण तो अंगावरून अंगावर जातो आणि दर वेळी गोष्ट बदलते. आधी नामांकित नट, मग लग्नाला उभा राहिलेला नवरदेव, मग गरीब संगीतकार, मग रस्त्यावर आलेला वकील. असा खाली खाली घसरत कोट शेवटी शेतात पोचतो.

फाइल घरापुरतीच, आईसाठी. तिला इंग्रजी येत नाही आणि हल्ली ऐकूही कमी येतं. म्हणजे संवादांसोबत आवाजही लिहायचे. एकूण १५४२ ओळी. रोज रात्री जेवणानंतर तासभर बसतो. पहिल्या आठवड्यात १८० झाल्या.

अडलो तो अगदी सुरुवातीलाच. शार्ल बॉयेच्या नटाला शिंपी सांगतो की या कोटाला शाप आहे, कामावरून काढलेल्या कटरने दिलेला. आता ‘कटर’ लिहिलं तर आईच्या डोळ्यांपुढे पेन्सिलीला टोक काढायचं यंत्र येणार. कोपऱ्यावरच्या टेलरकाकांना विचारलं. हातातली कात्री न थांबवता म्हणाले, “आमच्यात बेततो तो मास्तर, शिवतो तो कारागीर. शाप द्यायचाच तर मास्तरनं द्यावा. कारागिराला वेळ कुठाय?” पण नुसतं ‘मास्तर’ लिहिलं की शाळेतले मास्तर उभे राहतात. शेवटी ‘कटिंग मास्टर’वर तोडगा निघाला. काकांना ते पुस्तकी वाटलं, मला चाललं.

दुसरा आठवडा

३९० ओळी. प्रोग्रामने निम्म्या लाल करून ठेवल्या आहेत. माझी मर्यादा ओळीला ४२ अक्षरांची, पण हा मोजतो कशी? ‘स्त्री’ हा शब्द आपल्या डोळ्यांना एकच अक्षर आहे. याच्या लेखी ती सहा: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार. जोडाक्षरं जास्त आली की बिचारी ओळ बसत असूनही लाल होते. पहिले दोन दिवस मी आज्ञाधारकपणे वाक्यं छाटत बसलो, मग लक्षात आलं. आता मर्यादा ५२ वर नेली आणि सरळ टीव्हीवर लावून बघतो. देवनागरी करणाऱ्या सगळ्यांना हेच सांगेन: लाल रंगाला घाबरू नका, मोठ्याने वाचा.

या आठवड्याचा खरा वेळ मात्र ‘यू’ने खाल्ला. दुसरी गोष्ट हलकीफुलकी आहे. जिंजर रॉजर्सला होणाऱ्या नवऱ्याच्या कोटाच्या खिशात प्रेमपत्र सापडतं. तो घाबरून मित्राला, म्हणजे हेन्री फोंडाला गळ घालतो, की कोट तुझा आहे म्हणून सांग. ती त्या पत्रातल्या ‘सिंहा’कडे, म्हणजे भिडस्त फोंडाकडे, हळूहळू वेगळ्या नजरेने बघायला लागते. इंग्रजीत पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच ‘यू’. मराठीत मला ठरवावं लागतं की ती ‘तुम्ही’वरून ‘तू’वर कुठल्या ओळीला येते. चार ठिकाणी करून बघितलं. पहिल्या ठिकाणी फार लवकर, बाई उथळ वाटते. शेवटी चुंबनानंतर केलं तर उशीर, प्रेक्षक आधीच पुढे गेलेला असतो. ती त्याच्याकडे निरखून बघते आणि बोलता बोलता थांबते, त्या थांबण्यानंतरच्या ओळीला ठेवलं. पत्र लिहिणारीचं लाडाचं नाव ‘स्क्विरल’. तिथे काही विचारच करावा लागला नाही, ‘खारुताई’.

तिसरा आठवडा

चार्ल्स लॉटन. हा तुकडा मी कामाच्या नावाखाली सहा वेळा बघितला. गरीब संगीतकाराला आपली रचना आपणच वाद्यवृंदाकडून वाजवून घ्यायची संधी मिळते, आणि बायकोने जुन्या बाजारातून आणलेला कोट त्याला घट्ट होतो. हात उंचावले की शिवण ताणते. इथे बोलणं जवळजवळ नाही, म्हणून मी खूश होतो. पण आईसाठी आवाज लिहायचे होते. मी लिहिलं: [कोट फाटतो]. टेलरकाकांना फोनवर तो भाग दाखवला तर म्हणाले, “फाटला कुठं? उसवलाय. कापड शाबूत आहे, दोरा गेला. फाटला असता तर रफू लागलं असतं.” त्याबरोबर [शिवण उसवते] केलं. आणि दृश्यच बदललं राव. त्या माणसाचं काही फाटलेलं नाही, फक्त त्याच्या मापाचं नाही. लोक हसतात, तो खचून बसतो, आणि मग सज्जातला बुजुर्ग संगीतकार उठून स्वतःचा कोट उतरवतो. पाठोपाठ सगळे पुरुष कोट काढतात. तिथे काहीही लिहिलं नाही.

चौथी गोष्ट एडवर्ड जी. रॉबिन्सनची. कॉलेज सोडून २५ वर्षं झाल्याचा मेळावा वॉल्डॉर्फ-अस्टोरियात आहे, आणि हा दारूत बुडालेला वकील धर्मादाय निवाऱ्यातून मिळालेला तो कोट चढवून जातो. सगळे वर्गमित्र, तेव्हा ‘काय रे’, ‘अरे लेका’. पाकीट हरवतं आणि गमतीचा खटला भरवतात. त्यात जॉर्ज सँडर्स त्याला प्रश्न विचारायला लागतो, तिथे मी ‘तू’चं ‘तुम्ही’ केलं. मित्राने अचानक ‘तुम्ही’ म्हटलं की कसं कापतं, हे मराठी माणसाला सांगायला नको. मूळ शब्दांत ते नाही, हे कबूल. सँडर्सच्या आवाजात आहे, आणि आईला आवाज ऐकू येत नाही.

चौथा आठवडा

एक रात्र वाया गेली. माझ्या वेळांची फाइल मूळ ११८ मिनिटांच्या प्रतीवर बेतलेली. त्या प्रतीतून डब्ल्यू. सी. फील्ड्सची गोष्ट प्रदर्शनाआधीच कापली होती, ती पुढे व्हिडिओवर परत जोडली गेली. माझ्याकडच्या डिस्कमध्ये ती आहे. त्यामुळे फील्ड्स दारूबंदीवर व्याख्यान देत असताना खाली सबटायटलमध्ये शेवटच्या गोष्टीतला पॉल रोब्सन देवाचे आभार मानतोय. पुढच्या सगळ्या ओळी एकगठ्ठा सरकवल्या. फील्ड्सची गोष्ट विनोदी असेल, मला कापणाऱ्याचं फारसं चुकलं असं वाटत नाही.

आता शेवटची गोष्ट, आणि माझी मोठी चूक. दरोड्याच्या पैशांनी भरलेला कोट विमानातून खाली पडतो, तो गरीब कृष्णवर्णीय शेतमजुरांच्या हाती. रोब्सन आणि एथेल वॉटर्स यांना वाटतं, देवाने प्रार्थना ऐकली. त्यांच्या तोंडी पटकथेने मोडकंतोडकं इंग्रजी घातलंय. मी उत्साहाने सगळं गावाकडच्या बोलीत उतरवलं, ‘आलं बगा’, ‘द्येवानं धाडलं’ वगैरे. दोन रात्रींचं काम. आईला दाखवलं. ती साताऱ्याकडच्या माणची. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, “आतापत्तुर समदी साहेबावानी बोलत व्हती. ही गरीब मानसं आली तवाच आमच्यावानी का बोलाय लागली रं?”

काय उत्तर देणार? रोब्सनने स्वतः हीच तक्रार जाहीरपणे केली होती, आपल्या लोकांना भाबडं, बाळबोध दाखवलंय म्हणून. यानंतर त्याने हॉलिवूडमध्ये काम केलं नाही. हे मी महिनाभरापूर्वी वाचलं होतं, मान डोलावली होती आणि तरी तेच करून बसलो. २१० ओळी पुसल्या. आता साधी, छोटी वाक्यं लिहितोय, ज्या मराठीत रॉबिन्सन बोलतो त्याच मराठीत. रोब्सन गातो तिथे नुसतं [गाणं] न लिहिता शब्द दिले, कारण तो आवाज आईपर्यंत पोचायचा दुसरा मार्ग नाही.

पाचवा आठवडा, चालू

१५४२ पैकी १४९० झाल्या. गाण्याच्या दोन कडव्यांची लय जमत नाहीये. ‘टेलकोट’ला मराठी शब्द शोधणं सोडलं. ‘शेपटीचा कोट’ करून बघितलं तर बॉये जोकर दिसायला लागला.

पैसे वाटताना म्हाताऱ्या ख्रिस्तोफरला विचारतात, तू देवाकडे काय मागितलं होतंस. त्याला हवं असतं बुजगावणं. मग चिंध्या झालेला तो कोट शेतात उभा राहतो. आईने ती ओळ वाचली आणि विचारलं, “पैसं सगळं वाटून झाल्यावर कोटच उरला व्हय?” मग जरा थांबून, “चांगलं जाड कापड दिसतंय. दोन पावसाळं टिकंल.”